आयोवा सिटीच्या अवे गेमला जाताना: पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा: पर्ड्यू विद्यापीठात एमएस करणारे दोन मित्र, त्यातल्या एकाचे आई-बाबा शरदात नाशिकहून येणार. चौघांनी पर्ड्यूच्या गावाहून, म्हणजे वेस्ट लाफायेटहून, गाडीने आयोवा सिटीला जाऊन पर्ड्यू विरुद्ध आयोवा हा अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायचा बेत आहे. यजमानांच्या गर्दीत कुणी त्रास देईल का, तिकिटं कुठून घ्यायची, राहायचं कुठे, आणि साठी ओलांडलेल्यांना हे सगळं झेपेल का, असं विचारलंय. मी पर्ड्यूचाच जुना विद्यार्थी, शिक्षणानंतर मिडवेस्टमध्येच स्थायिक झालो, आणि हंगामात एखादा तरी अवे गेम, म्हणजे दुसऱ्याच्या मैदानावरचा सामना, गाठायचा हा माझा शिरस्ता आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुख्य गोष्ट. सामना साडेतीन तासांचा असतो, पण तुम्ही जाताय ते त्या गावाचा अख्खा शनिवार बघायला. हे पक्कं केलं की बाकीचे निर्णय सोपे होतात: सकाळी लवकर पोचायचं, सामना संपल्यावर घाई करायची नाही, आणि परतीचा प्रवास रविवारी ठेवायचा. ऐन किक-ऑफला, म्हणजे खेळ सुरू होताना, धापा टाकत पोचणारी आणि चौथा म्हणजे शेवटचा क्वार्टर अर्धा झाला की पार्किंगकडे पळणारी माणसं मला दर वेळी दिसतात, आणि वाईट वाटतं. इतका खर्च करून येऊन त्यांनी निम्मा दिवस हातचा घालवलेला असतो.

आता त्रासाबद्दल. आयोवा राज्यात एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या लीगचा, एकही संघ नाही. त्यामुळे लोकांचा सगळा जीव विद्यापीठाच्या संघांवर. आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियमची क्षमता ६९,२५० आहे आणि त्यात बसलेल्यांपैकी बरेच जण पिढ्यानपिढ्या त्याच रांगेत बसणारे, दोन-तीन तास गाडी चालवून आलेले शेतकरी, शिक्षक, दुकानदार असतात. अशा गर्दीत साठीतलं भारतीय जोडपं पर्ड्यूचे टी-शर्ट घालून आलेलं दिसलं, तर लोक थांबून चौकशी करतील, "कुठून आलात?" विचारतील, थोडी चेष्टा करतील. ती चेष्टा हसून घ्यायची आणि "गुड लक, बट नॉट टुडे" म्हणून पुढे जायचं. लग्नात आलेल्या वऱ्हाडासारखं तुमचं असतं: मानही मिळतो, टोमणेही मिळतात, आणि दोन्ही हसतमुखाने घ्यायचे असतात.

खरा त्रास होण्याच्या जागा दोनच. एक, यजमान विद्यार्थ्यांचा स्टँड. तिथलं तिकीट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. साडेतीन तास उभं राहावं लागतं, शिव्या कानावर पडतात आणि आई-बाबांना मैदानच दिसत नाही. दोन, रात्रीच्या सामन्यानंतरची बारची गल्ली. दिवसभर पीत असलेली पोरं तिथे एकवटतात. तेवढा भाग टाळलात तर पुरे.

बिग टेनमध्ये, म्हणजे हे संघ जिच्यात खेळतात त्या विद्यापीठांच्या लीगमध्ये, सगळी गावं सारखी नाहीत. निवड तुमच्या हातात असती तर पहिल्या अवे गेमसाठी मी शॅम्पेन सुचवलं असतं. इलिनॉय विद्यापीठ तुमच्यापासून साधारण दीड तासावर, हॉटेलची गरजच नाही. नेब्रास्काच्या लिंकनमध्ये तर पाहुणा संघ मैदानातून आत जाताना यजमान प्रेक्षक टाळ्या वाजवतात, जिंकून जात असला तरी. तिथलं स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक सामन्याला पूर्ण विकलं गेलंय, आणि ती टाळ्यांची पद्धतही तितकीच मुरलेली आहे. याउलट पेन स्टेटचा रात्रीचा सामना, जिथे लाखभर माणसं पांढरे कपडे घालून चार तास ओरडतात, तो आई-बाबांना घेऊन पहिल्यांदा जाण्याचा नव्हे. ब्लूमिंग्टनही नको. इंडियाना विद्यापीठाशी आपलं वैर जुनं आहे, ओल्ड ओकन बकेट या चषकासाठी १९२५ पासून झुंज चाललीय, आणि त्या शनिवारी दोन्हीकडची माणसं जरा तापलेली असतात. आयोवा सिटी या सगळ्यात मधोमध, म्हणजे गर्दी कट्टर पण घरंदाज. तुमची निवड चांगली आहे.

रंगांचा एक घोळ इथेच सांगतो, कारण तो फक्त याच सामन्यात होतो. पर्ड्यूचे रंग जुनं सोनेरी आणि काळा. आयोवाचे काळा आणि सोनेरी. त्यांचा सोनेरी जास्त पिवळा, हळदीकडे झुकणारा, आपला मातकट. जवळून फरक कळतो, पण वीस फुटांवरून तुम्ही यजमानांतलेच वाटता. नुसतं काळं जॅकेट घालून गेलात तर लोक आयोवाची घोषणा "गो हॉक्स!" म्हणून टाळी द्यायला हात पुढे करतील. म्हणून छातीवर मोठा "पी" किंवा "पर्ड्यू" असं ठळक लिहिलेलंच घाला, तेही सगळ्यात बाहेरच्या थरावर. थंडी वाढली की लोक टी-शर्टवर कोट चढवतात आणि ओळख झाकली जाते. विद्यापीठाच्या नावाची एक टोपी प्रत्येकाने घेतली तर हा प्रश्न सुटतो. रंग लपवू नका. गर्दीत दुसऱ्या टोकाला एखादा पर्ड्यूवाला दिसला की तो "बॉयलर अप!" ओरडतो, तुम्ही "हॅमर डाउन!" म्हणायचं, आणि तेवढ्यावर ओळख होते. पार्किंग कुठे मिळालं, कुठल्या गेटला रांग कमी आहे, हे त्याच माणसाकडून कळतं.

तिकिटांकडे वळू. तुमचा विद्यार्थी पास फक्त आपल्या रॉस-एड स्टेडियममध्ये चालतो, अवे गेमला त्याचा उपयोग नाही. यजमान विद्यापीठ पाहुण्या संघासाठी ठरावीक तिकिटं बाजूला ठेवतं आणि ती पर्ड्यूच्या तिकीट ऑफिसमार्फत मूळ किमतीला विकली जातात. आधी हक्क जॉन पर्ड्यू क्लबच्या देणगीदारांचा, त्यांच्या गुणांच्या क्रमाने. पण आपला संघ ऐन भरात नसेल त्या वर्षी ही तिकिटं उरतात. उन्हाळ्यातच तिकीट ऑफिसला फोन करून अवे गेमची मागणी कधी नोंदवता येईल ते विचारून ठेवा. या जागा बहुधा कोपऱ्यात आणि वरच्या रांगांत असतात, मैदान तिरकं दिसतं. तरीही मी त्याच घेतो. आजूबाजूला सगळे आपले असतात, संघाने चेंडू पुढे नेला की उठून ओरडता येतं, आणि मागचा माणूस "खाली बसा" म्हणत नाही.

ती नाही मिळाली तर पुनर्विक्रीची संकेतस्थळं आहेत: स्टबहब, सीटगीक, व्हिविड सीट्स. अमेरिकेत मे २०२५ पासून सक्तीची फी धरून पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवण्याचं बंधन विक्रेत्यांवर आहे, त्यामुळे शेवटच्या पानावर आकडा फुगायचा प्रकार आता नाही. रांगेचा क्रमांक स्पष्ट दिलेली तिकिटंच घ्या. काही विक्रेते हातात नसलेली तिकिटंही यादीत टाकतात आणि मग ऐन वेळी दुसऱ्या जागा गळ्यात मारतात. किमती सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत बऱ्याचदा उतरतात हे खरं, पण तुम्हाला चार जागा सलग हव्यात आणि सोबत ज्येष्ठ माणसं आहेत, तेव्हा तो जुगार खेळू नका. आठ-दहा दिवस आधी घेऊन टाका. यजमानांच्या भागात घ्यायची झाली तर खालच्या मध्यातली, कडेची जागा बघा. तिथे वयस्क, जुने तिकीटधारक बसतात आणि वातावरण निवांत असतं. आई-बाबांसाठी कडेची जागा हवीच, नाहीतर दर वेळी बाहेर पडताना वीस गुडघे ओलांडावे लागतात.

तिकीट मोबाइलवर येतं. ते आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. सत्तर हजार फोन एका जागी आले की नेटवर्क कोलमडतं आणि गेटवर उभं राहून चक्र फिरत बसतं. चारही तिकिटं एकाच फोनवर ठेवू नका. आई-बाबांच्या फोनमध्ये अमेरिकन सिम नसेल तर त्यांचं एकेक तिकीट तुम्हा दोघांच्या फोनमध्ये, आणि एक पॉवर बँक खिशात.

वेळेबद्दल नीट समजून घ्या, कारण नवख्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. सामन्याची तारीख खूप आधी ठरते, पण किक-ऑफची वेळ टीव्ही वाहिन्या ठरवतात आणि ती बऱ्याच सामन्यांची बारा दिवस आधी, कधी कधी तर सहाच दिवस आधी जाहीर होते. दुपारी बारा, साडेतीन किंवा संध्याकाळी साडेसात, यातलं काहीही असू शकतं. या वेळा पूर्वेकडच्या घड्याळाच्या असतात. वेस्ट लाफायेट त्याच घड्याळावर चालतं, पण इलिनॉयमध्ये शिरलात की तास मागे जातो आणि आयोवा सिटीत साडेतीनचा सामना अडीचला सुरू होतो. जाताना एक तास हाती लागतो, येताना जातो. आई-बाबांचं परतीचं विमान त्या रविवारी ठेवू नका, सोमवारीही नको. हॉटेलचं बुकिंग रद्द करता येणारंच घ्या.

हॉटेल मात्र आजच बघायला लागा. सामन्याच्या शनिवार-रविवारी आयोवा सिटी आणि त्याला लागून असलेल्या कोरलव्हिलमध्ये दर दुप्पट-तिप्पट होतात आणि बरीच हॉटेलं दोन रात्रींची अट घालतात. परवडणारा उपाय म्हणजे थोडं लांब राहणं. उत्तरेला सीडर रॅपिड्स अर्ध्या तासावर. पूर्वेला मिसिसिपीच्या काठावरची क्वाड सिटीज, म्हणजे डॅव्हेनपोर्ट, बेटेनडॉर्फ, मोलीन आणि रॉक आयलंडची बाजू, तासाभरावर. तुम्ही त्याच वाटेने येणार असल्यामुळे माझं मत क्वाड सिटीजला. शुक्रवारी वर्ग संपल्यावर निघा. इंटरस्टेट ७४ धरून डॅनव्हिल, शॅम्पेन, पिओरिया, गेल्सबर्ग करत मोलीनपर्यंत साधारण चार तास, टोल नाही. नदीवरचा नवा कमानींचा पूल २०२१ मध्ये पूर्ण झाला. रात्री त्यावरून जाताना मिसिसिपी काळीशार, रुंद, दोन्ही काठांच्या दिव्यांमध्ये दिसते. शाळेच्या भूगोलात घोकलेली नदी बघून आई-बाबांना आनंद होईल. गाडी भाड्याची असेल तर चालवणारा पंचवीस वर्षांखालचा आहे का बघा, कंपन्या त्यासाठी रोजची जादा रक्कम लावतात.

शनिवारी सकाळी इंटरस्टेट ८० ने पश्चिमेला. वाटेत वॉलकॉटला आयोवा ८० हा जगातला सगळ्यात मोठा म्हणवला जाणारा ट्रक स्टॉप आहे, तिथे स्वच्छतागृह आणि कॉफी उरकून घ्या. किक-ऑफच्या निदान चार तास आधी गावात असा. स्टेडियमजवळच्या मेलरोज अव्हेन्यूवरचे घरमालक आपल्या अंगणात गाड्या लावू देतात. हातात पाटी धरून कुणीतरी उभं असतंच. रोख रक्कम जवळ ठेवा, आणि "मागे दुसरी गाडी लावून आम्हाला अडवणार का?" हे आधी विचारा. चालायची तयारी असेल तर नदीपलीकडच्या गावातल्या पार्किंग इमारतीत गाडी लावणं मला जास्त आवडतं. तिथून स्टेडियमपर्यंत पूल ओलांडून चढावर अर्धा तास चालावं लागतं. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना स्टेडियमजवळ सोडून एकाने गाडी लावायला जायचं.

मेलरोजवर दोन-तीन तास नुसतं फिरा. धूर, बँडचा आवाज, अंगणाअंगणात जाळीवर भाजले जाणारे ब्रॅट (सॉसेज), आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच रंगात. याला टेलगेट म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे, पण पाहुणा म्हणून त्यात शिरायचं कसं ते सांगतो. रिकाम्या हाताने जाऊ नका. मी डब्यात काहीतरी घेऊन जातो, बहुधा बाकरवडी आणि बेसनाचे लाडू. कुणी बोलतं केलं की डबा पुढे करायचा. मेलरोजवर एकदा एका काकांनी बाकरवडीचा तुकडा तोंडात टाकला, डोळे बारीक केले, आतलं सारण नखाने उकरून बघितलं आणि बायकोला हाक मारून बोलावलं. पुढचा अर्धा तास आम्ही त्यांच्या घडीच्या खुर्च्यांवर बसून मक्याच्या भावावर बोलत होतो. आई-बाबा शाकाहारी असतील तर "वी डोन्ट ईट मीट" असं सरळ सांगा. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं की सूपमधला मांसाचा रस्सा किंवा बीन्समधला बेकन समोरच्याच्या ध्यानात राहत नाही. चिली नावाच्या बीन्सच्या रश्श्यात गोमांस असतंच असं धरून चाला.

गप्पा सुरू करायला एक चांगला विषय आहे. आयोवाच्या खेळाडूंच्या हेल्मेटवर पिवळ्या गोल चिकटपट्टीवर "एएनएफ" अशी अक्षरं दिसतील, म्हणजे "अमेरिका नीड्स फार्मर्स". १९८५ मध्ये, शेतकरी कर्जात बुडत असताना आणि शेतं लिलावात जात असताना, तेव्हाचे प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी ती लावायला सुरुवात केली. नाशिककडच्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. बाबांना कांद्याच्या भावाबद्दल बोलू द्या, समोरचा मन लावून ऐकेल. पाहुण्या संघाची खोली भिंतींपासून बेसिनपर्यंत गुलाबी रंगवण्याची कल्पनाही फ्राय यांचीच. ते मानसशास्त्र शिकलेले होते, आणि त्या रंगाने प्रतिस्पर्धी नरम पडतात असं त्यांचं म्हणणं.

आत जाताना बॅगेचा नियम लक्षात ठेवा. पारदर्शक पिशवी किंवा हाताच्या पंजाएवढी छोटी पर्स, याखेरीज सहसा काही नेऊ देत नाहीत. छत्री नाही, बाहेरचं खाणं नाही. नेमके नियम सामन्याच्या आठवड्यात आयोवाच्या संकेतस्थळावर वाचा. आईंच्या रोजच्या गोळ्या मूळ डबीत, चिठ्ठीसकट घ्या. एकदा बाहेर पडलात की परत आत येता येत नाही असं समजूनच चाला. आत शाकाहारी म्हणजे पॉपकॉर्न, प्रेट्झेल, चीझ नाचोज. म्हणून पोट टेलगेटवरच भरून घ्या.

थंडीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण साठीच्या माणसांना झेपेल का याचं खरं उत्तर इथे आहे. अंतर झेपतं, गर्दी झेपते, बाकावरची थंडी झेपत नाही. सप्टेंबरात उन्हाने घाम निघेल, ऑक्टोबरच्या मध्यात दुपारी छान आणि संध्याकाळी गार, नोव्हेंबरात पारा शून्याजवळ. बाक ॲल्युमिनियमचे, बहुतेकांना पाठ नाही. थंडी वरून येते त्याहून जास्त खालून येते, म्हणून जाणती माणसं पायाखाली जाड पुठ्ठा टाकतात. खोक्याचा एक मोठा तुकडा घडी करून आणा, गेटवर विचारून आत न्या. बसायला पाठ असलेली गादी भाड्याने मिळते का ते बघा. आई-बाबांना आतून थर्मल, त्यावर लोकर, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट, दोन जोड मोजे, कानटोपी, आणि खिशात हात गरम ठेवायच्या पुड्या. साडी नेसायची आईंची इच्छा असेल तर आतून थर्मल आणि पायात बूट घालून खुशाल नेसू द्या, पण पायऱ्या उंच आहेत आणि गर्दीत काठ पायाखाली येतो हे सांगा.

खेळ समजावून सांगायला प्रवासातली दहा मिनिटं पुरतात. चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार संधी, नाही गेलात तर चेंडू दुसऱ्याला. बस्स. बाकी सगळं बघता बघता कळतं. एक खूण मात्र सांगून ठेवा: यजमानांकडे चेंडू असला की स्टेडियम शांत, आपल्याकडे आला की कान किटतात. आपल्या खेळाडूंना एकमेकांचं ऐकू येऊ नये म्हणून हे चालतं. त्यामुळे आवाज वाढला की समजायचं, आता आपली पाळी.

पहिला क्वार्टर संपताना कुणीही चहा-कॉफीला उठू नका. स्टेडियमला खेटूनच लहान मुलांचं मोठं रुग्णालय आहे, आणि त्याच्या वरच्या मजल्यांवरून मैदान दिसतं. २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला की अख्खं स्टेडियम त्या इमारतीकडे वळतं आणि खिडक्यांतल्या आजारी मुलांना हात हलवून दाखवतं. प्रेक्षक, दोन्ही संघांचे खेळाडू, पंच, पोलीस, सगळे. पाहुण्यांनीही उभं राहून हात हलवायचा. सलाइनच्या दांडीला धरून उभं राहिलेलं एखादं पोर काचेला हात टेकवून उलट हात हलवताना दिसतं. रात्रीचा सामना असेल तर लोक मोबाइलचे दिवे लावतात. मला फुटबॉलमधलं दुसरं काहीही इतकं मोलाचं वाटत नाही, आणि आई-बाबांना या सहलीतून हेच सगळ्यात जास्त आठवणार, याची मला खात्री आहे.

जिंकलो तर कसं वागायचं हेही विचारात घ्या, कारण पर्ड्यूला मोठ्या संघांना आडवं करायची सवय आहे. १६ ऑक्टोबर २०२१ ला मी किनिकमध्ये होतो. आयोवा देशात दुसऱ्या क्रमांकावर, आदल्याच शनिवारी चौथ्या क्रमांकाच्या पेन स्टेटला २३-२० हरवून लोक मैदानात उतरले होते. आपण त्यांना २४-७ हरवलं. आपल्या तीन नंबरच्या डेव्हिड बेलने ११ झेल घेऊन २४० यार्ड काढले. तिसऱ्या क्वार्टरला माझ्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कानातला रेडिओचा इअरफोन काढला, वायरीची व्यवस्थित गुंडाळी करून खिशात ठेवली, मागे वळून म्हणाले, "तुमच्या त्या तीन नंबरला जरा आमच्याकडे पाठवा." शेवटी आमच्याशी हात मिळवून, "सेफ ड्राइव्ह" म्हणून गेले. तेव्हा जिंकल्यावर आपल्या कोपऱ्यात हवा तेवढा जल्लोष करा, पण बाहेर पडताना हरलेल्या गर्दीतून चालताना आवाज खाली. कुणी अभिनंदन केलं तर "तुमचा संघ चांगला खेळला" एवढं म्हणा. हरलो आणि यजमान मैदानात उतरायला लागले, तर जागेवरून हलू नका. कुंपण, पायऱ्या, बोगदे सगळीकडे रेटारेटी होते. पंधरा-वीस मिनिटांत ओसरते.

हवामानामुळे खेळ थांबू शकतो. आठ मैलांच्या आत वीज पडली की सामना थांबवतात, आणि प्रत्येक नव्या विजेनंतर तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. तेव्हा सगळ्यांना आडोशाला जायला सांगतात. चौघांची चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा. दक्षिण बाजूचा नाइल किनिकचा पुतळा सोयीचा आहे. तो १९३९ चा हाइझमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता, १९४३ मध्ये नौदलाच्या सरावात विमान पडून गेला. स्टेडियमला नाव त्याचंच आहे.

तुम्हा दोघांसाठी स्वतंत्र सूचना. टेलगेटवर बिअर हातात येईल. एकवीस पूर्ण नसतील तर घोटभरही नाही, आणि जो गाडी चालवणार त्याने त्या दिवशी अजिबात नाही. इथल्या मुलाला जो गुन्हा दंड भरून निस्तरता येतो, तो एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलाला महागात पडतो. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी परराष्ट्र खातं खटल्याचा निकाल लागायच्या आधी व्हिसा रद्द करू शकतं. ओळखपत्र आणि आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत जवळ असू द्या. आई-बाबांचा प्रवास विमा चालू आहे ना, तेही निघण्यापूर्वी बघा.

सामना संपल्यावर तासभर तरी गाडी हलवू नका. अंगणात शेकोट्या असतात, कुणीतरी बोलावतंच. मग हॉटेलकडे निघालात की वेग आवरा. ऑक्टोबरच्या शेवटापासून हरणांचा माजाचा काळ, अंधार पडल्यावर ती रस्त्यावर येतात, आणि इंटरस्टेट ८० वर सत्तर मैलांच्या वेगात हरीण आडवं आलं तर गाडी जाते. एक हरीण दिसलं की मागून दुसरं येणार असं धरायचं. अचानक वळवू नका, सरळ रेषेत ब्रेक दाबा. चालवणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही.

रविवारी वेळ काढून दोनपैकी एक करा. आयोवा सिटीच्या पूर्वेला दहा मैलांवर वेस्ट ब्रँच आहे, राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचं जन्मगाव. लोहाराच्या घरात जन्मलेल्या मुलाची ती दोन खोल्यांची झोपडी अजून उभी आहे. किंवा बाबांना वाचायची आवड असेल तर परत आयोवा सिटीत जाऊन प्रेअरी लाइट्स हे पुस्तकांचं दुकान बघा. हे गाव २००८ पासून युनेस्कोचं साहित्यनगर आहे आणि इथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात मराठी लेखकही राहून गेलेत. दुपारी एकपर्यंत निघा. घड्याळ एक तास पुढे जाणार आहे, आणि सोमवारी सकाळी तुम्हा दोघांना वर्गात बसायचंय.